हौदातली डबी

म्हातारा हौदाच्या तळाशी पालथा पडला होता. उजव्या मुठीत निळ्या प्लास्टिकची डबी आणि डबीत त्याचं कानाचं मशीन.

बिअरच्या त्या दीडशे वर्षं जुन्या कारखान्यात लोक सुट्टीत बायकापोरांसह येत, तांब्याच्या प्रचंड कढया बघत आणि शेवटी फुकटचा एक ग्लास पिऊन खूश होऊन जात. आज तो ग्लास कोणालाच मिळाला नव्हता. दोघंतिघं त्यावरून अजून कुरकुरत होते.

फौजदारबाई पोचल्या तेव्हा मॅनेजरनं गुन्हेगार तयारच ठेवला होता.

"हा आमचा गाईड. हौदाच्या शिडीची साखळी यानंच उघडी ठेवली. याला मी कामावरून काढलंय," असं म्हणून त्यानं हात झटकले.

गाईडच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नोकरी तर गेलीच होती, आता डोळ्यांसमोर तुरुंग दिसत होता.

"साखळी लावली होतीस?"

"लावली होती, मॅडम. त्याआधी रोजच्यासारखा कंदील सोडला."

"कसला कंदील?"

"हौद सकाळीच रिकामा केलाय. पण बिअर आंबताना जो वायू निघतो, तो जड असतो, तळाशी बसून राहतो. जुने कामगार उतरण्याआधी दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. मी प्रत्येक गटाला ते दाखवतो. आजही विझला. दोन श्वासांत माणूस आडवा होतो, हेही सांगितलं."

"मला सर्दी आहे म्हणून विचारते. वास येतो का त्याचा?"

"काठावरून काही कळत नाही. इथं सगळीकडे आंबल्याचाच वास."

म्हाताऱ्याबरोबर बायको, लेक आणि जावई होते. जावई कोपऱ्यात हॉटेलला फोन करून एक माणूस कमी झाल्याचं कळवत होता. लेकीचं रडणं थांबत नव्हतं. तिच्या डाव्या मनगटावर पाच बोटांचे वळ उठले होते.

"हे काय?" फौजदारबाईंनी विचारलं.

"आईनं धरलं. शेवटच्या खोलीत बाबा दिसेनात म्हणून मी बाहेर आईला विचारायला गेले. दोघी मिळून आत शोधायला आलो. बाबा खाली पडलेले. मी साखळीशी धावले. मला कंदीलबिंदील काही आठवलं नाही. आई ओरडली, 'उतरू नकोस, खाली वायू आहे!' तिनं धरलं नसतं तर मीही गेले असते."

"साखळी तेव्हा उघडी होती?"

"हो, लोंबत होती."

"गाईड बोलत होता तेव्हा बाबांच्या कानात मशीन नव्हतं?"

"कुठलं! कोणी बोलायला लागलं की बाबा मशीन काढायचे. डबीत घालायचे आणि डबी आईकडे द्यायचे. आजही दारातच दिली."

बायको अंगणातल्या बाकावर ताठ बसली होती. पर्स मांडीवर, गुडघ्याला पट्टा.

"तुम्ही आत गेला होतात?"

"नाही. गुडघे दुखतात. लेक येईपर्यंत इथंच होते."

"डबी हौदात कशी गेली?"

"हे मध्येच येऊन मागून घेऊन गेले."

फौजदारबाईंनी नाक पुसलं, लेकीला आणि गाईडला जवळ बोलावलं.

"मशीन कानात घालायला डबी मागितली असती, तर डबी रिकामी सापडली असती. त्यांनी ती मागितलीच नव्हती. ती तुमच्या पर्समधून थेट हौदात पडली. आणि तुम्ही बाकावरून हलला नव्हतात, तर वायूचं तुम्हाला कोणी सांगितलं? लेकीनं नाही. वासही येत नाही. खाली पडलेला नवरा बघून कोणालाही वाटेल, पाय घसरला. तुम्हाला मात्र नेमकं कारण ठाऊक होतं. तुम्ही दाराआड उभ्या राहून या गाईडचं सगळं ऐकलंत. गट पुढे गेला, हे मागे रेंगाळले. तुम्ही साखळी काढलीत, डबी टाकलीत आणि त्यांना बोटानं दाखवलीत."



बाईनं पर्सची चेन उघडली, पुन्हा मिटली.

"शिव्या घालतच उतरले," ती म्हणाली. "म्हणाले, तुला एक डबी सांभाळता येत नाही. अडतीस वर्षं मी तोंड उघडलं की यांचं मशीन डबीत. पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा मी पलंगावरून हाका मारत होते. शेजारच्या खोलीत हे पेपर वाचत बसलेले."

"गप्प बसला असतात, तर हा माणूस तुरुंगात गेला असता," फौजदारबाई गाईडकडे बघून म्हणाल्या. "लेकीला वाचवलंत आणि सापडलात."

"मग काय तिला उतरू द्यायचं होतं?"

लेक पांढरीफटक पडली होती. "आई, बाबांना एकदा तरी सांगायचंस!"

"सांगितलं की. शिडीवर होते तेव्हा दोनदा सांगितलं, खाली वायू आहे, उतरू नका." तिनं लेकीकडे हात पुढे केला. "त्यांच्या पाठीमागून सांगितलं."

लेकीनं बाही खाली ओढून मनगट झाकलं आणि ती जावयाशेजारी जाऊन उभी राहिली.