मूठभर युरिया

"खडे मीठ... वीस किलो," मी म्हटलं, आणि धरमपेठेतल्या त्या किराणा दुकानात सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मागून आवाज आला, "लोणचं घालून राहिल्या का मॅडम? का अख्ख्या मोहल्ल्यालेच मुरवून राहिल्या?"

मी वळून पाहिलं. उंच, सावळा, शर्टाच्या खिशात फांद्या छाटायची कात्री. डोळ्यांत असा खट्याळपणा की आधी राग यावा, आणि मग... टिकू नये.

"समुद्र बनवून राहिली," मी ठसक्यात म्हटलं.

"नागपुरात?"

"नागपुरात!"

तो हसला नाही. हसणारे मला भरपूर भेटले होते. त्यानं पोतं उचलून माझ्या स्कूटीवर ठेवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "मग भरती किती वाजता येते?"

"सकाळी सहाले. आणि संध्याकाळी सहाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी कॉलेजच्या बागेत गेले, तर हिरव्या जाळीखाली हा उभा! बागेचं काम आता त्याच्या नर्सरीकडे आलं होतं. नाव पियुष, गाव सावनेरजवळ, घरी संत्र्याची बाग.

लोक मला गर्विष्ठ म्हणतात. आहेच मी. बुटीबोरीच्या कापड कारखान्यात रंगाई खात्यात उभ्यानं बावीस वर्षं काढलेल्या प्रेमानंदची मी मुलगी, दीक्षा. आमच्या घरातली पहिली पीएचडी करणारी, आणि तीही खाडीच्या चिखलावर! 'समुद्र नाही, खाडी नाही, नागपुरात बसून तिवरं वाढवणार?' असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्या सगळ्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

जाळीखाली माझ्या बारा कुंड्या होत्या. रत्नागिरीकडून आणलेला खाडीचा चिखल, आणि त्यात तिवराची, म्हणजे खारफुटीची, रोपं. चार कुंड्यांना कमी मीठ, चारांना मध्यम, चारांना भरपूर. मी सकाळ-संध्याकाळ मगानं खारं पाणी भरायची, नंतर तळाची बुचं काढून सोडून द्यायची. तीच माझी भरती-ओहोटी.

"हे सगळं काहून वं?" आठवड्याभरातच तो मॅडमवरून 'वं'वर आला होता.

"समुद्र वर चढून राहिला. खाडीतली माती आणखी खारट होईल. मिठामुळे मुळांले मातीतलं नत्र घेणं जड जाते. मग झाड खाईल काय, हे पाहून राहिली मी."

"मग... काय खाते?"

मी गळलेलं एक पिवळं पान त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं जरा जास्तच वेळ टेकली... दोघांचीही. "मले वाटते, जुनं पान गळायच्या आधी झाड त्याच्यातलं नत्र परत ओढून घेते. नव्या पानाले देते. जितकं मीठ जास्त, तितकी काटकसर जास्त. पण हे सिद्ध व्हायचं आहे."

"म्हणजे आमच्या मायसारखं," तो म्हणाला. "जुन्या साडीची गोधडी केल्याशिवाय सोडत नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळची भरती आम्ही दोघं आणायला लागलो.

एप्रिलमध्ये चुलतबहिणीच्या लग्नाला मी तीन दिवस भंडाऱ्याला गेले. कुंड्या पियुषवर सोपवल्या. त्यानं एकही भरती चुकवली नाही. दर वेळी फोटो पाठवला, आणि एकदा तर कुंड्यांच्या आडून स्वतःचाही... चुकून, म्हणे!

ऑगस्टमध्ये पानांच्या तपासणीचे आकडे आले. सगळ्यात खारट चार कुंड्यांपैकी दोन कुंड्यांची पानं नत्रानं भरलेलीच गळली होती. म्हणजे माझा अंदाज साफ उलटा! माझ्या मार्गदर्शक शामला मॅडम खुर्चीतून उठल्याच. "दीक्षा, हे तर कुणीच पाहिलेलं नाही!" सप्टेंबरमध्ये आमच्याच कॉलेजात होणाऱ्या परिषदेत हेच मांडायचं ठरलं.

मी धावत बागेत गेले आणि पियुषला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "कोणत्या दोन?" एवढंच त्यानं विचारलं.

परिषदेला तीन दिवस उरले असताना तो प्रयोगशाळेच्या दारात आला. आत येईना.

"तू भंडाऱ्याले गेली होती ना... त्या दोन कुंड्यांची पानं पिवळी पडून राहिली होती. आमच्याकडे पान पिवळं पडलं का युरिया देतात. मले वाटलं, भूक लागली त्याईले. मी... मूठभर टाकला."

युरिया म्हणजे नत्राचंच खत! माझा तो नवा शोध त्या मुठीतून आला होता. "आन् आत्ता सांगून राहिला?"

"तू खुश होऊन सांगत होती, तवा समजलं. सांगितलं तर तू जाशील, हेही समजलं." त्यानं मान खाली घातली. "चूप राहिलो असतो तर तुले कधीच कळलं नसतं. पण तुझ्याकडे पाहता आलं नसतं मले."

"जा इथून," मी म्हटलं. तो गेला.

दोन दिवस मी एकटीनं भरती आणली. पहिल्या दिवशी रागानं रडले. दुसऱ्या दिवशी हातातला मग तसाच राहिला... माझ्या कामाची एवढी कदर माझ्याशिवाय कुणाला होती? सगळं ऐकून शामला मॅडम म्हणाल्या, "त्या कुंड्या वगळ. पण का वगळल्या, ते उभं राहून सांग." मी रात्रभर जागून उरलेल्या दहा कुंड्यांवर भाषण नव्यानं लिहिलं.

सभागृहात बाबा पहिल्या रांगेत होते, रजा टाकून आलेले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मंचावर दाखवायच्या कुंड्या आणून ठेवलेला पियुष दाराशी अंग चोरून उभा होता.

मी दहा कुंड्यांचे आकडे मांडले. मीठ वाढलं तशी गळलेली पानं रिकामी होत गेलेली. दोन का वगळल्या तेही सांगितलं. समोर गोव्याहून आलेले एक नावाजलेले शास्त्रज्ञ होते. त्यांनी विचारलं, "युरिया टाकला कुणी?"

हशा पिकला. बाबांचा चेहरा कसनुसा झाला.

"आमच्या बागेचं काम पाहणाऱ्या पियुषनं," मी माइक घट्ट धरला. "कुणी पाहिलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतः येऊन सांगितलं. नाहीतर आज मी तुमच्यापुढे मोठ्या दिमाखात चुकीचं बोलले असते. तो तिथे दाराशी उभा आहे. मला त्याचा अभिमान वाटतो."

हसू थांबलं. शास्त्रज्ञ म्हणाले, "मला त्याच दोन कुंड्या आवडल्या. आयतं मिळालं म्हणून झाडांनी काटकसर सोडलेली दिसते. दोन कुंड्यांवर काही सिद्ध होत नाही, पण पुढच्या वर्षी हे मुद्दाम करून बघा." मग टाळ्या वाजल्या, आणि बाबा डोळे न पुसता वाजवत राहिले.

बाहेर पायऱ्यांवर पियुष पुढे आला. "जयभीम, काका."

"जयभीम. तूच का गा तो युरियावाला?" बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझ्या खात्यात रंग बिघडला का जो तो दुसऱ्याचं नाव सांगते. स्वतःचं सांगणारा पोट्टा मी आज पाहिला." आणि ते मुद्दाम चहाच्या टपरीकडे निघून गेले.

"रागावली आहे अजून?" पियुषनं हळूच विचारलं.

"आहे."

"मग सगळ्यांसमोर ते...?"

"राग आला म्हणून माणूस आवडायचा थांबते काय?" मी मान ताठ ठेवूनच म्हटलं. "मले तू आवडते, पियुष. फार आवडते."

तो कानापर्यंत लाल झाला आणि उगाच खिशातली कात्री चाचपायला लागला.

"दीक्षा!" टपरीवरून बाबांनी हाक मारली. "किती कप सांगू?"

मी पियुषचा हात धरला, कॉलेजच्या सगळ्या लोकांदेखत, आणि त्याला घेऊन पायऱ्या उतरायला लागले.

"तीन, बाबा!"