वासंतीच्या माडाच्या खाचा

वासंती, माझी बायको, गेल्याचं मला कळलं तेव्हा मी माडावर होतो. दवाखान्यातून फोन आला. खाली कसा उतरलो, आठवत नाही. चाळीस वर्षं मी नारळ पाडतो, पण त्या दिवसापासून खोडात पाय ठेवायला केलेल्या तिसऱ्या खाचेवरच डोकं गरगरायला लागलं.

नारळी पौर्णिमेला आम्ही समुद्राला देतो तो नारळ वासंतीने लावलेल्या माडाचा असतो. तो मीच काढायचा. पौर्णिमा आठ दिवसांवर आली. मुलगा म्हणाला, ड्रोन पाडून देईल. मला ते नको होतं.

मग नात हर्षाली आरोग्य केंद्रातला यंत्रमानव घेऊन आली. त्याचं नाव तोल्या. त्याने माझं डोकं इकडेतिकडे वळवून कान तपासले. डॉक्टरांनी अहवाल पाहिला. कान ठणठणीत निघाले.

"मग मी काय नाटक करतो?" मी विचारलं.

"नाही. तुमचं गरगरणं खरं आहे," तोल्या म्हणाला.

त्याने एक नारळ माझ्या कानाशी हलवला. आत पाणी डुचमळलं. अंतर्कर्णात (कानाच्या सगळ्यात आतल्या भागात) अशाच द्रवाने भरलेल्या बारीक नळ्या असतात, तो म्हणाला. डोकं वळलं की द्रव जरा मागे राहतो, त्यावरून मेंदूला वळण कळतं. डोळे आणि तळपायही आपापली खबर देतात. तिन्हींची खबर जुळली की तोल राहतो.

पण मेंदूत तोलाचे आणि भीतीचे भाग एकमेकांना जोडलेले असतात. मन धास्तावलं की अंग ताठतं, श्वास भरभर चालतो, साधं डुलणंही मेंदूला धोका वाटतं. मग गरगरतं. गरगरलं की भीती आणखी वाढते.

हर्षालीला हे करून बघायचं होतं. तिने मला दाबपटावर (तळपायांचा भार मोजणाऱ्या चटईवर) उभं केलं आणि माडाच्या शेंड्याकडे बघायला लावलं. चटईला जोडलेल्या पडद्यावर माझा तोल दाखवणारी रेघ सैरावैरा धावली.

"नजर वरच ठेवा, आजोबा. आजी नारळ कसा निवडायची ते सांगा."

मी सांगू लागलो. ती कानाशी हलवून बघायची. पाणी वाजलं नाही की म्हणायची, हा अगदी तुमच्या डोक्यासारखा, आत काही नाही. मला हसू आलं. हर्षालीने पडद्याकडे बोट दाखवलं. रेघ सरळ झाली होती, आणि मी अजून शेंड्याकडेच बघत होतो. इतके महिने पाय माझेच होते, फक्त मेंदूचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. मी तिला तीनदा तेच पुन्हा करायला लावलं.

दुसऱ्या दिवसापासून तोल्याचा दोर कमरेला बांधून चढायला लागलो. दिवसाला एकच खाच. तिथे थांबायचं, लांब श्वास सोडायचा, हर्षालीशी बोलायचं. केंद्रातल्या समुपदेशक (मनातलं ऐकून घेणाऱ्या) बाईंकडेही जातो. तिथे वासंतीबद्दल बोलतो.

यंदा समुद्राला शेजारच्या माडाचा नारळ दिला. मी नवव्या खाचेपर्यंत पोचलो आहे. वासंतीच्या माडाला तेवीस खाचा आहेत. चौदा राहिल्या आहेत.