सलगमाच्या शेतातली हाक

"हूऽऽ... हूऽऽ..."

आजोबांनी अशी हाक घातली, की पांगलेल्या मेंढ्या आईच्या कुशीत शिरावं तशा गोळा व्हायच्या. गेल्या थंडीत आजोबा गेले. आणि आता, सुट्टीत मामाकडे आलेल्या ताई, लंबू आणि टिकली या तिघा भावंडांना धुक्यातून तीच हाक ऐकू येत होती. मेंढ्यांसाठी लावलेल्या, बिटासारख्या सलगमाच्या शेतातून!

"वारा असेल," मामा म्हणाला, पण नजर चुकवून. हाक सुरू झाल्यापासून शेताचं फाटक त्याने दोरीने बांधून टाकलं होतं. मेंढवाड्यात मेंढ्या अर्धपोटी उभ्या होत्या. चारा संपला म्हणून उद्या व्यापारी येऊन सगळा कळप नेणार होता. टिकलीचं लाडकं काळं कोकरूसुद्धा!

"वाराच आहे, तर फाटक का बांधलंय?" टिकलीने विचारलं.

मामा उठून मेंढवाड्याकडे गेला.

"चला रे!" ताई म्हणाली.

"भुताला भेटायला? माझं पोट दुखतंय," लंबू पुटपुटला.

"पोट इथे ठेव, पाय घेऊन चल!"

फाटक ओलांडून तिघं धुक्यात शिरली. हिरवा पाला केव्हाच संपला होता. काळ्या मातीत पांढरी पांढरी तोंडं आ वासून बसली होती. रांगांमागून रांगा! वारा सुटला.

"हूऽऽ..." अगदी पायाशी!

लंबूने ताईची वेणीच धरली. "अगं, ती बोलताहेत!"

टिकली वाकली. तिने एका तोंडावर तळवा ठेवला. ते गप्प झालं. हात काढला, "हूऽऽ!"

"ताई, हे सलगमाचे कंद आहेत! मेंढ्यांनी मधला गर खाल्लाय, वाटी तेवढी उरलीय. वारा तिच्यात फुंकर घालतोय!"

"मग आजोबा असताना या वाट्या का नाही वाजायच्या?" ताईने विचारलं.

"आजोबा लोखंडी आकडीने मातीतले बुडखे उपटून ठेवायचे ना मेंढ्यांपुढे!" लंबू ओरडला. "अर्धा कंद तर मातीतच असतो!"

"म्हणजे मेंढ्यांचं अर्धं जेवण इथेच पुरलंय!" ताई म्हणाली.

तिघांनी मामाला हाताला धरून शेतात आणलं. लंबूने आजोबांची आकडी रोवून एक बुडखा उपटला. जाडजूड, रसरशीत! मागोमाग आलेलं काळं कोकरू त्यावर तुटून पडलं. कुर्रकुर्र, कुर्रकुर्र!

मामाने वाकून कोकराची पाठ थोपटली. "शाबास रे पोरांनो! कळप कुठेही जाणार नाही." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला वाटायचं, बाबाच बोलावताहेत. आणि भीतीने मी एकदाही ओ दिली नाही."

टिकलीने आकडी त्याच्या हातात ठेवली. "मग आता दे की!"

धुक्यात पुन्हा हाक उठली. मामा पुढच्या बुडख्याशी वाकला.

"ओ, बाबा! आलो!"