पावाचा वास येणारं कार्ड

माझी चाचणी नव्वद सेकंदांची असते. ओटिग्बा स्ट्रीटवर दुसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. जुनं ग्राफिक्स कार्ड घेऊन कुणीही यावं, मग ते लंडनहून कंटेनरमधून आलेलं असो नाहीतर शेजाऱ्याच्या घरातून निघालेलं. मी ते मशीनमध्ये बसवते आणि कायम एकच गेम लावते. तलवारी, चेटूक, जुनी नगरी असला तो अगडबंब गेम, कोऱ्या कार्डांनाही घाम फोडतो. त्यात मी एक जागा साठवून ठेवली आहे. नगरीचा दरवाजा, वर धो धो पाऊस, चौकात माणसांची गर्दी, मशाली. दरवाजापासून पुलापर्यंत चालायचं आणि परत यायचं, पाऊल इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. तेवढ्यात कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं ते बघायचं, तेही तीनदा. मग पांढऱ्या पट्टीवर आकडा, तारीख आणि खाली माझं नाव, उझोआमाका. पट्टी कार्डाच्या पाठीवर चिकटवली की काम संपलं.

आमच्या या अख्ख्या बाजारात, कॉम्प्युटर व्हिलेजमध्ये, त्या पट्टीला मान आहे. गिऱ्हाईक कार्ड उलटं करून आधी पट्टी बघतं, मग भावाचं बोलतं. सहा वर्षांत मी एकही आकडा फुगवलेला नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगायचे.

गेममध्ये माझ्या डाव्या हाताला एक सोबती चालतो. त्याला टोबेनाचा चेहरा आहे. टोबेना माझा भागीदार. माल तो आणतो, तपासते मी. गाळा उघडला त्या दिवशी आम्ही हसत हसत त्याचं नाक, गालावरचा व्रण, सगळं त्या बाहुल्याला बसवलं होतं.

"कान जरा लहान कर, बायको पळून जाईल," तो म्हणाला होता.

"आधी मिळू तर दे," मी म्हणाले होते. भावापेक्षा जवळचा होता तो मला.

मंगळवारी सकाळी अल्हाजा सेकिनात आल्या. सुरुलेरेत त्यांचा गेमिंग हॉल आहे आणि तिथली सगळी कार्डं आमच्याकडची. खुर्ची पुढे केली तरी त्या बसल्या नाहीत. पिशवीतून चार कार्डं काढून त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली, पट्ट्या वर करून.

"मेली," त्या म्हणाल्या. "बारातली चार. तीन आठवड्यांत."

"जनरेटरचा दाब वरखाली झाला असेल, अल्हाजा," टोबेना म्हणाला.

"माझ्या जनरेटरला नावं ठेवू नकोस. तो तुझ्यापेक्षा भरवशाचा आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अक्षर तुझंच ना गं हे?"

अक्षर माझंच होतं. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची माझी खोडसुद्धा होती. पण ही कार्डं मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी वही काढली. तपासलेल्या प्रत्येक कार्डाचा क्रमांक तिच्यात असतो. या चारांचा नव्हता.

"शनिवारी व्यापारी संघाची बैठक आहे," अल्हाजा म्हणाल्या. "तोवर काय ते शोधून काढ. नाहीतर ही चारही मी सगळ्यांसमोर ठेवीन, मग तुझ्या पट्टीला कुत्रं विचारणार नाही." पाचवं एक कार्ड त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे त्यांच्यातलंच, पण अजून चालतंय. बघ याला काय झालंय."

त्या गेल्यावर मी ते मशीनमध्ये बसवलं. पुलापाशी पोचेपर्यंत कार्ड तापलं आणि वास आला. जळका नाही, पावाचा. अगेगेच्या बेकऱ्यांतला पांढरा लांबोडा पाव भट्टीतून निघतो तेव्हाचा गोडसर वास.

मेलेली कार्डं भाजतात हे बाजारात कुणाला माहीत नाही? पावाचा शेवटचा घाणा निघाला की भट्टी निवत असते. तेव्हा कार्ड आत ठेवलं तर आतलं सोल्डर, म्हणजे जोडाचं कथील, सैल होऊन पुन्हा धरतं. कार्ड जिवंत होतं, दोन-चार आठवडे पळतं आणि मग कायमचं मरतं. असलं कार्ड विकणाऱ्याला आम्ही चोर म्हणतो.

"हे भाजलेलं आहे," मी टोबेनाला म्हणाले. "कुठून आलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू मला विचारतेस?"

त्याचा तो निगरगट्टपणा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो चावी उचलून बाहेर पडला. अगेगेला जाऊन येतो, म्हणाला.

पहिल्या फेरीचा आकडा आला एकाहत्तर. हे कार्ड कोरं असतानाही साठाच्या वर जात नाही. मी तारा तपासल्या, मशीन बंद करून परत चालू केलं. दुसऱ्या फेरीला शहात्तर आला, आणि पुलापाशी सोबती थांबला. तो कधीच थांबत नाही. थांबायचं त्याला ठाऊकच नाही, मी चालले की तो चालतो.

तिसऱ्या फेरीला तो पुलाच्या उजवीकडे वळून गल्लीत शिरला.

तिथे गल्ली नाही. सहा वर्षं दिवसातून वीसदा मी तिथून चालते आहे. तिथे भिंत आहे.

मी ठरलेली वाट सोडली आणि त्याच्या मागे गेले. जसजशी आत जात होते तसतसा आकडा चढत होता. नव्वद, एकशे दहा, एकशे चाळीस. गटारावर एक फळी टाकलेली. कोपऱ्यात निळं पाण्याचं पिंप. असलं पिंप त्या नगरीत कुठून येणार? पुढे ठेंगणं दार आणि आत भट्टीचा तांबडा उजेड. टोबेनाचा चेहरा घेतलेला तो लांब लाकडी फळीनं भट्टीत काहीतरी सरकवत होता. मग तो बाकावर बसला आणि जरा सरकून त्यानं शेजारी कुणासाठी तरी जागा केली.

चित्र तिथेच गोठलं. मी मशीन बंद केलं. कार्ड तसंच आत ठेवून गाळ्याला कुलूप लावलं.

पिवळ्या डानफो बसमध्ये स्वतःला कोंबून मी अगेगेला उतरले. दुपारचे तीन वाजले होते, ऊन रणरणत होतं. बेकऱ्यांच्या दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. तिसरीत गटारावर फळी होती. कोपऱ्यात निळं पिंप होतं.

दार उघडंच होतं.

टोबेना हातात लांब लाकडी फळी घेऊन भट्टीपाशी उभा होता. पावाच्या पत्र्यावर कार्डं मांडलेली. बाजूला आधीच भाजलेल्यांची चळत, प्रत्येकाच्या पाठीवर माझ्या अक्षरातली पट्टी.

"केसानं गळा कापलास माझा," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. "मागितलं असतंस तर गाळा तुझ्या नावावर केला असता. पण माझं नाव विकलंस."

त्यानं फळी खाली ठेवली. तो लाजला नाही, दमलेला दिसला.

"उझो, पुरे झालं हे नाटक. दर गुरुवारी इथे येतेस, या बाकावर बसून पट्ट्या लिहितेस. आणि गाळ्यात आलीस की मी कोण आणि तू कोण. आज ती बाई गेल्यावर तर मलाच चोर ठरवलंस."

"मी इथे कधीही आलेली नाही."

"पहिलं कार्ड तूच घेऊन आलीस. मी नको नको म्हणत होतो."

"गुरुवारी मी इकोरोडूला असते, आईकडे. आईला फोन लाव."

"लावला होता," तो हळूच म्हणाला. "आई म्हणते, तू तिथेच होतीस. गेले दोन महिने मला झोप नाही, उझो."

आतून म्हातारा बेकरीवाला आला. मी त्याला ओळखत नव्हते. त्यानं हातावरचं पीठ झटकलं आणि रोजच्या माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आज मंगळवारीच?" तो म्हणाला. "बूट काढ पोरी, पिठात नकोत. तुझ्या सपाता आहेत तिथेच."

बाकाखाली हिरव्या रबरी सपाता होत्या.

माझ्या डाव्या पायाची करंगळी लहानपणी मोडली, ती आत वळून बसली आहे. माझी चप्पल दुसऱ्याला होत नाही आणि दुसऱ्याची मला. मी बूट काढला. माझा पाय बसणार नाही, हे त्या दोघांना दाखवायचं होतं मला.

फरशी गार होती.

पाय अलगद आत गेला. करंगळीपाशी रबर झिजून खळगा पडला होता, तो करंगळीला बरोबर बसला.

सपात आतून उबदार होती, कुणाच्या तरी पायातून नुकतीच निघालेली.