वनाच्या नावाची घागर

वीज काही लवकर येत नाही. कंदील जरा पुढे सरकवा, तोवर सांगून टाकतो.

१९९१ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. मी पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट घेऊन जळगावहून एरंडोलजवळच्या एका खेड्यात निघालो होतो. काम साधं होतं, आधार नाना आणि द्रौपदाअक्कांना ती दाखवायची. त्यांचा मुलगा वना एका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षभरापूर्वी ते जहाज अरबी समुद्रात नाहीसं झालं. जहाजाच्या कंपनीनं खलाशांच्या घरोघर काय कळवलं? जहाज बुडालंच नाही. खलाशांनी ते परदेशी बंदरात विकलं आणि सगळे फरार झाले. गेलेल्या माणसांवर चोरीचा आळ घालायला धाडस लागत नाही, निर्लज्जपणा तेवढा लागतो. मी माझ्या पेपरात तसं छापलं, तर मलाच वकिलाची नोटीस आणि वर खटला.

मग विमा कंपनीनं एका विलायती पथकाला कामाला लावलं. जिथे पाणबुड्यासुद्धा उतरू शकत नाही, तिथे त्यांनी दिवे लावलेला कॅमेरा एका लांबलचक केबलला बांधून एकटाच खाली सोडला. त्या चित्रीकरणाची नक्कल माझ्या पिशवीत होती.

नानांच्या घरात वाद चालू होता. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसाचं नाव घेऊन लाल मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. त्याची तहान भागते. जिवंत माणसाचं नाव घेऊन भरली, तर मात्र त्याचं आयुष्य सरतं.

"कंपनी त्याले चोर म्हनस ना?" नाना म्हणाले. "ऱ्हाऊ द्या चोर. चोर जित्ता तं ऱ्हास."

"आन मरेल व्हई तं?" अक्का हळूच म्हणाल्या. "बठ्ठा समुद्र खारा शे. त्याले पेवाले पानी कोन देई?"

गणपतीत सिनेमे दाखवायला टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं देणारा सरदार एरंडोलहून सामान घेऊन आला होता. भर दुपार होती, म्हणून आम्ही खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. खोलीत लोकरीचा आणि कोऱ्या मातीचा वास दाटला. घागर आणून कोपऱ्यात पालथी घातलेली होती.

"भाऊ, हिच्यात हिरॉइन कधी येते?" सरदारनं विचारलं. कोणी हसलं नाही, तशी त्यानं कॅसेट आत सरकवली.

पडद्यावर हिरवट काळोख. जिनिंगमध्ये कापूस उडावा तसा गाळ तरंगत होता. बराच वेळ काहीच नाही, फक्त व्हीसीआरची घरघर. मग एक गंजलेली भिंत उजेडात आली आणि तिच्यावर अक्षरं... सागरमणी.

"बुडालंय," मी म्हणालो. "खोटारडे सापडले, नाना."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मी खटला जिंकलो होतो. त्यांचा मुलगा गेला होता. मी मान खाली घातली.

"थांबाडा," अक्का म्हणाल्या.

जहाजाच्या अंगाला गोल खिडक्यांची रांग होती. बाकी सगळ्या काळ्या. एकीच्या काचेआड काहीतरी पांढुरकं होतं. दोन तळवे, एकमेकांना जोडलेले. ओंजळ.

"गाळ असेल, अक्का..."

सरदारनं बटण दाबलं. चित्र थांबलं. गाळाचा कण न् कण जागच्या जागी थिजला. ओंजळ मात्र सावकाश वर येत होती... तोंडाशी न्यावी तशी.

"मी बंद केलंय, भाऊ," सरदार पुटपुटला. "मी बंद केलंय..."

नाना उठले. कोपऱ्यातली घागर त्यांनी स्वतः सरळ केली.

आखाजीच्या सकाळी वनाचं नाव घेऊन त्यांनीच तिच्यात पाणी ओतलं. अक्का रडल्या नाहीत. "पे रे, वना," एवढंच म्हणाल्या.

जळगावला परतल्यावर बातमी लिहायची म्हणून मी कॅसेट पुन्हा लावली. ती खिडकी आता काळी होती, इतर काळ्या खिडक्यांसारखीच. मला बरं वाटलं. पण इतर खिडक्या आता काळ्या नव्हत्या. एकेका काचेआड एकेक ओंजळ होती.

बाकीच्या खलाशांच्या घरी कंपनीचा 'फरार' हाच शब्द अजून कायम होता. त्या घरांत कोण कशाला घागर भरेल? मी एकेका कुटुंबाचा पत्ता काढला, कोणाकडे गेलो, कोणाला पत्र लिहिलं. कोणी पाणी दिलं, कोणी पिंड. एकेक खिडकी काळी होत गेली.

आता एकच उरली आहे. शेवटची, खालच्या अंगाची. तिच्यातले तळवे फार लहान आहेत. चार-पाच वर्षांच्या पोराचे असावेत तेवढे. त्या जहाजावर मूल होतं, असं कंपनी म्हणत नाही, विमावाले म्हणत नाहीत, एकाही खलाशाच्या घरचं माणूस म्हणत नाही.

दर आखाजीला मी घागर आणतो, पाणी काढून ठेवतो. पण ओतताना नाव घ्यावं लागतं...