तीनशे बारा

खोटं वाटलं तर वाटू द्या. पण माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही. आणि हे रात्रीचंही नाही... भर दुपारी, अडीच वाजता घडलंय.

मामा समुद्रातल्या एका राखीव बेटावर रक्षक होता. तिथले पक्षी जमिनीत बिळं करून राहतात. मोजायची रीत ठरलेली. बिळाशी टेपरेकॉर्डर धरायचा, त्यावर त्यांच्या जातीची हाक वाजवायची. आत पक्षी असला की ओ देतो. एक ओ, एक पक्षी.

त्या वर्षी मामाच्या साहेबाने राखीव पाण्यात मोठ्या बोटी घुसू दिल्या. जाळ्यांत अडकून पक्षी बुडाले. मामाने स्वतःच्या हातांनी तीनशे बारा पक्षी पुरले. बिळं ओस पडली. संतापाच्या भरात फोटो काढायचं भानच राहिलं नाही.

"पुरावा काय?" साहेब म्हणाला.

मामाच्या डोक्यात तिडीक गेली. "मोजणी लावा. बिळंच सांगतील!"

वरून तपासायला एक बाई आल्या. बिळं गप्प राहिली तर बोटी बंद. नाहीतर सगळं सुरूच.

मामाने पहिल्या बिळाशी टेप धरला.

शांतता...

आणि आतून ओ आली.

दुसरं बीळ... ओ. तिसरं... ओ.

साहेबाने दात काढले. "काय हो, मेलेले बोलायला लागले वाटतं?"

मामाने खांद्यापर्यंत हात आत घातला. पीस नाही, अंडं नाही. काहीच नाही. पण ओ येत होती... अगदी बोटांजवळून. मनगट ओलं झालं. खाऱ्या पाण्याने.

"बाई, हात घालून बघा!"

"बिळात हात घालायला मनाई आहे. आधी तुमचा काढा."

मामाचा तोल सुटला. त्याने टेप दगडावर आपटला. "अरे, मेलात ना तुम्ही! मी पुरलंय तुम्हाला! गप्प बसा!"

टेपचे तुकडे झाले होते...

तरी बेटभर ओ येतच राहिली.

"बरं झालं, टेपची गरजच नाही," असं म्हणत बाई संध्याकाळपर्यंत बिळं मोजत फिरल्या. आकडा भरला तीनशे बारा.

मामाने नोकरीवर लाथ मारली. बोटी आजही तिथेच फिरतात.

गेल्या आठवड्यात पेपरात बातमी आली. यंदा सहाशे चाळीस पक्षी! साहेबाचा सत्कार झाला. मी वाचून दाखवलं, तर मामा ताडकन उठला.

"वाढले नाहीत रे ते... आणखी बुडाले!"

हे आता कुणाला जाऊन सांगायचं, तुम्हीच सांगा.