कात्रीवरचा राग

"थांबा! कापू नका ती!"

सिरसाळ्याचा बाजाराचा दिवस, मेडिकलपुढे ही गर्दी, आणि यशोधरेने सरळ दुकानदाराच्या कात्रीखालची गोळ्यांची स्ट्रिप ओढून घेतली. पुण्याहून आजारी आईकडे आलेली ती, दुकानात आली होती बँडेज न्यायला. पण अँटिबायोटिकच्या दोनच गोळ्या कापून तो एका म्हातारीला देताना दिसला, अन् तिचं डोकंच फिरलं.

"पाच दिवसांचा कोर्स असतो हा!"

"लोक दोनच मागतात, मॅडम..." दुकानदार प्रवीण हसून म्हणाला. हसणं इतकं मोकळं, की तिला आणखीच राग आला.

"लोक विष मागतील. द्याल?"

तिने आईचा रिपोर्ट काउंटरवर आपटला. जाईबाईंनी पायाच्या जखमेसाठी वर्षभर याच दुकानातून दोन-दोन गोळ्या नेल्या होत्या. आता त्या जंतूंना एकच औषध लागू पडत होतं, तेही इंजेक्शन. चौदा दिवस, एकही चुकवायचं नाही. नाहीतर पाय काढावा लागणार होता.

प्रवीणचं हसू मावळलं. "जाईमावशी... तुमच्या आई?" त्याने कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी परळीहून बर्फाच्या डब्यात इंजेक्शन आणू लागला. सिस्टर घरी येऊन टोचून जायच्या. यशोधरा डबा घ्यायची, आभार मात्र मानायची नाही.

"तुमी पुण्यात करता तरी काय?" एकदा त्याने विचारलंच.

"जंतू मारायचे रेणू बनवते," ती फणकारली. मग चहा ओतता ओतता सांगत गेली, "जंतूभोवती पातळ पडदा असतो. माझा रेणू मिठातला क्लोराइड उचलतो नि त्या पडद्यापलीकडे नेऊन सोडतो. आतला सगळा तोल बिघडतो. औषधांना न जुमानणारा जंतूही मरतो."

"म्हंजी हमालच की!"

तिला हसू आलं... तिने ते दाबलं.

"मग मावशीला द्या की तेच."

"काचेच्या बशीत मरतात हो! माणसाला द्यायला अजून कैक वर्षं..." तिचा आवाज चिरकला. सात वर्षं प्रयोगशाळेत घालवली, आणि आईच्या पायाला उपयोग शून्य! त्याच्याइतकाच तिला स्वतःचाही राग आला होता.

त्याने उठून आपला कप विसळून ठेवला. त्या कपाकडे ती उगाच बघत राहिली.

अकराव्या दिवशी ती भाजी घेऊन परतली, तर घरात ना आई, ना सकाळी आलेलं इंजेक्शन. "बरं वाटतंय म्हून परत द्यायला गेल्या," शेजारच्या बायनाबाईंनी सांगितलं. उरलेलं औषध मेडिकलात परत करायची गावाची जुनीच खोड. घेतलं असणार प्रवीणनं! यशोधरा तणतणत निघाली.

"न्हाई घेणार, मावशी!" दुकानातून प्रवीणचाच आवाज चढला होता. "चौदा म्हंजी चौदा!"

"वाळली की रे जखम."

"वरून वाळली! आत उरलेले जंतू लई शिरजोर हुतील. पाय पायजे का न्हाई?"

यशोधरेचेच शब्द, तिच्याच फणकाऱ्यात. ती दारात थबकली. काउंटरवर पाटी होती: 'अँटिबायोटिक सुटे मिळणार नाही.'

"कात्री कुठंय?"

"आईच्या शिलाई मशीनवर..." त्याचे कान लाल झाले. "गिऱ्हाईक तुटलं. बाप रोज शिव्या घालतो."

"कशाला केलंत एवढं?"

"आधी तुमच्या भीतीनं. मग... तुमी एखादा दिवस चिडला न्हाईत, तर करमंना."

"प्रवीण," ती जवळजवळ ओरडलीच, "मला तुम्ही आवडता! आणि अर्ध्यात सोडलेलं मला चालत नाही, कळलं?"

"चौदा दिवस?" त्याने हळूच विचारलं.

"आयुष्यभर!"

जाईबाईंनी काउंटरवरचा डबा मुकाट्याने काखेत मारला. "मी जाते बाई घरी... सिस्टर खोळंबली असंल."